जपानमध्ये त्वचेच्या डॉक्टरांना भारतातल्या क्रीमबद्दल कसं सांगू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागोयाजवळच्या एका लहान शहरात दोन वर्षं राहतेय. नवऱ्याला जपानी छान येतं, मला दुकानात निभावण्यापुरतं. इथल्या हिफुकात, म्हणजे त्वचेच्या दवाखान्यात, माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती कशी निस्तरावी कळत नाहीये.

मे महिन्यात सांगलीला गेले होते. कमरेवर, सलवारीची नाडी बसते तिथे, खाजरा चट्टा उठला. मेडिकलमध्ये सांगितल्यावर एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत खाज बंद, पण लावायचं थांबवलं की पुन्हा सुरू. येताना तीन ट्यूब घेऊन आले. जूनमध्ये इथला पावसाळा लागला, कपडे घरातच वाळत घालावे लागले आणि चट्टा तळहाताएवढा झाला. मग डॉक्टर गाठले.

तिथे आधी मोन्शिनह्यो भरायला देतात, म्हणजे काय होतंय ते विचारणारा फॉर्म. फोनचा कॅमेरा धरून एकेक ओळ वाचली. ‘सध्या काही औषध चालू आहे का’ यावर मी ‘नाही’ला खूण केली. पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल विचारत असतील असं वाटलं. शिवाय चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब दाखवायची लाजही वाटली. आदल्या रात्रीपर्यंत ती लावत होते.

डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी नाही म्हणाले. पाच मिनिटांत बाहेर. शेजारच्या औषधाच्या दुकानात मलम आणि मॉइश्चरायझर एकत्र कालवून पांढऱ्या डबीत दिलं. दहा दिवस लावतेय. आता चट्टा मधे फिका आणि कडेला लाल, बांगडीसारखा झालाय. आणि काल लेकीच्या मांडीवर तसाच एक ठिपका दिसला. ती तीन वर्षांची आहे, आमचा टॉवेल एकच असतो. रात्रभर झोप लागली नाही.

त्याच डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगू की दुसरीकडे जाऊ? सांगायचं तर कोणत्या शब्दांत? नवरा या आठवड्यात ओसाकाला आहे.

प्रतिसाद १

ताई, त्याच डॉक्टरांकडे जा. तुमचं कार्ड तिथे आहे, पहिली तपासणीही तिथेच झाली आहे. ट्यूब खोक्यासकट न्या आणि आत गेल्या गेल्या टेबलावर ठेवा. म्हणा, ‘इंदो नो नुरिगुसुरी ओ त्सुकात्ते इमाशिता’, भारतातलं लावायचं औषध वापरत होते. ‘सुतेरोइदो गा हाइत्ते इमासु’, त्यात स्टेरॉइड आहे. दोन्ही वाक्यं कागदावर लिहून नेलीत तरी चालेल. कोणी रागावत नाही.

दुसरं म्हणजे नुसतं ‘कायुई’, खाजतंय, एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे चुरचुरतं, टोचतं, हुळहुळतं हे वेगवेगळं असतं, तसंच जपानीत आहे. चुरचुरतं ते हिरिहिरि, टोचतं ते चिकुचिकु, हुळहुळतं ते मुझुमुझु, कोरडं खरखरीत ते कासाकासा. डॉक्टर हे शब्द लगेच पकडतात. मला नऊ वर्षांत सगळ्यात उपयोगी पडलेलं जपानी हेच.

ओकुसुरी तेच्यो, ती औषधांची वही, घेतली नसेल तर औषधाच्या दुकानात मागा. भारतातल्या ट्यूबचं नावही त्यात लिहून ठेवा. नवीन चिठ्ठी मिळाली की औषध लगेच घ्या. ती दिल्या दिवसासकट चारच दिवस चालते, सुट्टीचा दिवसही त्यात धरतात.

प्रतिसाद २

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. न पाहता निदान सांगणार नाही, पण तुमचं वर्णन वाचून नायट्याची शंका येते. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही असतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, खाली बुरशी पसरत राहते. बुरशीवरचं औषध आदल्या रात्रीपर्यंत लावलेलं असेल तर खरवडून केलेली तपासणी चुकू शकते. त्या डॉक्टरांकडे ही माहितीच नव्हती.

एक गोष्ट आवर्जून सांगा: भारतात जाऊन आल्यावर हे झालं. 2020 मध्ये जपानी संशोधकांनीच जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नवी बुरशी नोंदवली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. डॉक्टरांना हे माहीत असलं की औषध निवडणं सोपं जातं.

टॉवेल आजपासून वेगळे करा, आतले कपडे गरम पाण्यात धुवा. लेकीला तुमच्या डबीतलं किंवा त्या ट्यूबमधलं काहीही लावू नका. तिलाही दाखवा.

धागाकर्ती

आज जाऊन आले. वाक्यं कागदावर लिहून नेली होती, पण वाचताना आवाज कापत होता. डॉक्टरांनी ट्यूब उलटून मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, घटकांची नावं स्वतःच्या हाताने माझ्या कागदपत्रात उतरवली आणि ‘सांगितलंत ते बरं झालं’ म्हणाले. चट्ट्याच्या कडेवरून पुन्हा खरवडलं. मग मला बोलावून पडद्यावर दाखवलं: काचेवर आडवे-तिडवे, फांद्या फुटलेले बारीक धागे. बुरशी होती.

स्टेरॉइड बंद झालं. लुलिकोनाझोल लावायला दिलंय, ते मूळ जपानमध्येच शोधलेलं औषध आहे असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं. चट्ट्याच्या बाहेरही दोन बोटं लावायचं, आणि दिसेनासं झालं तरी लगेच थांबवायचं नाही. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. नमुना प्रयोगशाळेतही पाठवणार आहेत.

लेकीची शनिवारी सकाळची वेळ मिळाली. तिच्यासाठी वेगळा पिवळा टॉवेल आणलाय. तिने तो बाहुलीला गुंडाळून ठेवलाय, म्हणून उद्या आणखी एक आणते. दोघांचे मनापासून आभार. उरलेल्या दोन ट्यूब टाकून दिल्या, आणि आईला फोन करून घरात असलेलीही टाकून द्यायला सांगितलं आहे.