मुलाला फ्रॅटर्निटीची 'बिड' आली आहे. हो म्हणू द्यावं का?

अंगणवेल (न्यू जर्सी)

रविवारी रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. हातात जाड कार्ड, त्यावर सोनेरी शाईत तीन ग्रीक अक्षरं. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं होतं की त्याचा चेहराच दिसेना. "आई, बिड मिळाली!" मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात तो पहिल्या वर्षाला आहे. दुसरं सत्र नुकतंच सुरू झालंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रॅटर्निटी ही मुलांची आणि सोरोरिटी ही मुलींची संघटना, नावं ग्रीक अक्षरांची. १७७६ मध्ये फाय बीटा कापाने या नावांची सुरुवात केली आणि १८२५ पासून, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजपासून, आजच्यासारखी मंडळं उभी राहिली. आधी 'रश' म्हणजे भेटीगाठी, मग 'बिड' म्हणजे आमंत्रण, मग काही आठवडे 'प्लेज' म्हणून उमेदवारी आणि शेवटी गुप्त विधी करून प्रवेश. पुष्कळांचं कॅम्पसजवळ स्वतःचं घर असतं. वर्गणी भरावी लागते, आणि ती थोडीथोडकी नसते.

सोबत त्याने एक पत्रकही पाठवलं. गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने २०१४ मध्ये ३०,००० हून जास्त पदवीधरांची पाहणी केली होती. नोकरीत मन लावून काम करणाऱ्यांचं प्रमाण माजी सदस्यांत ४३ टक्के, बाकीच्यांत ३८ टक्के. "बघ, रिसर्च आहे," म्हणाला.

मग मीही शोधलं. मिशिगन विद्यापीठाचे संशोधक बारावीतल्या मुलांना पस्तिशीपर्यंत पुन्हापुन्हा गाठून प्रश्न विचारतात. २०१८ मध्ये त्यांनी लिहिलं की फ्रॅटर्निटीच्या घरात राहिलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ ४५ टक्क्यांमध्ये पस्तिसाव्या वर्षी दारूच्या विकाराची दोन किंवा जास्त लक्षणं होती. आणि २०१७ चा पेन स्टेटचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. बिड स्वीकारल्याच्या रात्री दारू पाजलेला १९ वर्षांचा मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेलं होतं, भिंतीवर कॅमेरे होते, आणि रुग्णवाहिका बोलवायला जवळपास बारा तास लागले. तो वाचला नाही.

माझं उत्तर 'नको' आहे. पण ते फक्त भीतीतून येतंय का, हे मला तपासायचंय. ज्यांना जवळून अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

अंगणवेलताई, तुमची काळजी कळते. तरी माझं मत उलट आहे.

माझी मुलगी दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटीत आहे. १९९० च्या दशकात आपल्या मुलांनी ही मंडळं काढली. डेल्टा फाय ओमेगा १९९८ मध्ये इथेच, ह्यूस्टन विद्यापीठात निघाली. मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना सांगलीला माझी आई गेली. ऐन परीक्षेचा आठवडा, तिला येता येईना. आम्ही दोघं विमानात. त्या रात्री चार मुली तिच्या खोलीवर आल्या, त्यांतल्या दोघींना मराठीचा गंधही नव्हता. फोनवर कुणाच्या तरी आईला विचारून वरण-भात केला. हळद जास्त पडली होती म्हणे, पण पातेलं रिकामं झालं, आणि एक जण रात्रभर तिच्याजवळ थांबली. हे कुठल्या पाहणीत कसं मोजणार?

शिवाय सगळ्या ग्रीक संघटना एकाच मापाने मोजू नका. अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी काढली, कारण त्या कॅम्पसवर त्यांना आपलं म्हणावं असं काही नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात असताना अल्फा कापा अल्फा या सोरोरिटीत होत्या, आणि त्या भगिनी त्यांच्या प्रचारात हिरवा-गुलाबी रंग घेऊन उभ्या राहिल्या. हे नातं चार वर्षांपुरतं नसतं. तुम्ही वाचलेलं सगळं गोऱ्या मुलांच्या मोठ्या घरांबद्दल आहे.

पायवाट

मी इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. अंगणवेलताई, तुमच्या आणि तुमच्या मुलाच्या, दोघांच्याही आकड्यांबद्दल बोलते.

आधी ४३ आणि ३८. फरक खरा असेल, पण तो कशामुळे? वर्गणी परवडणारी, घरून ओळखीपाळखी घेऊन आलेली, चारचौघांत सहज मिसळणारी मुलंच मुळात जास्त संख्येने तिथे जातात. ती कुठेही गेली असती तरी नोकरीत रमली असती. ढोल पथकातल्या मुलांचे दंड भरलेले दिसतात. ते ढोलाने भरले की दणकट मुलंच पथकात आली, हे नुसतं बघून कळत नाही.

हा गुंता सोडवायचा प्रयत्न दोन अभ्यासांनी केलाय आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत. युनियन कॉलेजच्या अर्थतज्ज्ञांनी ईशान्येकडच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरून २०१८ मध्ये मांडलं की फ्रॅटर्निटीमुळे गुणांची सरासरी चारपैकी पाव अंकाने घसरते, पण पुढची कमाई सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. वर्तमानपत्रांनी हे डोक्यावर घेतलं. दुसरा अभ्यास विल्यम इव्हन आणि ऑस्टिन स्मिथ यांचा, आणि मला तो जास्त पटतो. काही ठिकाणी पहिल्या सत्रात ठरावीक गुण असल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. समजा अट २.५ ची आहे. मग २.४८ वाला आणि २.५२ वाला यांच्यात खरा फरक काय? काहीच नाही. एकाला दार उघडं, दुसऱ्याला बंद, एवढंच. अशा काठावरच्या मुलांची तुलना केली तर गुण घसरलेले दिसले, पण कमाईत वाढ दिसली नाही.

आता ताई, तुमचे ४५ टक्के. तिथेही तोच प्रश्न लागू आहे. पिण्याची आवड असलेला मुलगा ते घर शोधत जातो. मिशिगनचा अभ्यास एकाच माणसाला वर्षानुवर्षं विचारतो, म्हणून एकदाच केलेल्या पाहणीपेक्षा त्याचं वजन जास्त, पण घर निवडणारा मुलगाच असतो. म्हणून "तिथे गेला की दारुडा होणार" असं त्यातून निघत नाही. तरीही हार्वर्डच्या १९९३ च्या पाहणीत, १४० कॉलेजांत, एका बैठकीत भरमसाट पिणारे एकूण ४४ टक्के आणि फ्रॅटर्निटीच्या घरात राहणारे ८६ टक्के होते. ज्या घरात जवळजवळ प्रत्येक जण पितोय तिथे न पिणाऱ्या मुलाने रोज नाही म्हणत राहायचं, हे ओझं लहान नाही.

भटक्या

मी राहिलोय अशा घरात, अडीच वर्षं. पुण्याहून अठराव्या वर्षी थेट इकडे आलो तेव्हा कॅम्पसवर एकाही माणसाला माझं नाव नीट म्हणता येत नव्हतं. घरातल्या साठ जणांनी ते पाठ केलं.

विसाव्या वर्षी मी त्या घराचा खजिनदार झालो. वर्गणी न देणाऱ्या मित्राच्या दारात उभं राहून पैसे मागणं, छत गळत असताना तीन ठेकेदारांची दरपत्रकं ताडून बघणं, स्वयंपाकीणबाईंचा पगार दर पंधरवड्याला वेळेवर जातोय ना हे बघणं. हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं असतं? कमाईचं राहू द्या, पण माणसं सांभाळायला मी तिथे शिकलो. आणि प्यायचो का? बेताने. नाही म्हटल्यावर दोन वेळा आग्रह झाला, तिसऱ्यांदा नाही.

प्लेज असताना त्रास झाला, नाकारत नाही. पहाटे तीनला उठवायचे, सगळ्या सदस्यांची नावं-गावं तोंडपाठ म्हणायला लावायचे, चुकलं की पहिल्यापासून. पण त्याच रात्रींनी आमची बारा जणांची तुकडी घट्ट झाली. आजही बाराही जण संपर्कात आहोत.

जुना हॉस्टेलकर

भटक्या, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो, कारण तेच वाक्य मी वीस वर्षं म्हणत होतो.

नव्वदच्या दशकात मी महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजात होतो. ज्युनियरने सीनियरसमोर मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं. 'थर्ड बटण' म्हटलं की माझ्या पिढीच्या डॉक्टरांना आजही कळतं. मी पहिलं वर्ष तसा उभा राहिलो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यांना उभं केलं. त्यांतला एक मुलगा रात्री गॅलरीत बसून रडायचा. मला माहीत होतं. "यानेच दोस्ती होते," असं मी त्याला समजावलं होतं. तो पुढे मला कधी भेटला नाही, आणि त्याची माफी मागायची राहिली आहे.

दोस्ती खरंच त्याने होते का? १९५९ मध्ये अ‍ॅरनसन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या ६३ मुलींवर प्रयोग केला. गटात यायला जिला जास्त संकोच सोसावा लागला, तिला तोच कंटाळवाणा गट जास्त आवडला. म्हणजे सोसल्याचं समर्थन मन स्वतःच करतं. पण प्रत्यक्ष फ्रॅटर्निटीत जाऊन, एकामागून एक सहा तुकड्या तपासून, अल्डो चिमिनो आणि बेंजामिन थॉमस यांनी २०२२ मध्ये लिहिलं की छळाने एकी वाढते याचा पुरावा जवळजवळ मिळाला नाही. तुमची तुकडी घट्ट झाली असेल ती कित्येक आठवडे एकत्र जेवलात, एकत्र राबलात म्हणून. पहाटे तीनला उठवल्यामुळेच, हे कशावरून?

आणखी एक. २००८ मध्ये अ‍ॅलन आणि मॅडन यांनी ५३ कॉलेजांतल्या ११,००० हून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं. फ्रॅटर्निटी-सोरोरिटीतल्या ७३ टक्के मुलामुलींच्या वाट्याला रॅगिंगमध्ये मोडणारं काहीतरी आलेलं होतं. खेळांच्या संघांतही तसंच, हे खरं. पण असं वागवलं गेलेल्या दहातल्या नऊ जणांना आपलं रॅगिंग झालं असं वाटतच नव्हतं. सदस्यांचे अनुभव विचारून काढलेली प्रत्येक पाहणी वाचताना मला हा आकडा आठवतो. मलाही १९९६ मध्ये विचारलं असतं तर "छान अनुभव" असंच लिहिलं असतं.

कृष्णाकाठदादा, तुमच्या मुलीच्या मैत्रिणींबद्दल वाचून बरं वाटलं. पण आपल्यासारख्यांची संघटना म्हणून ती सुरक्षित, असं धरून चालू नका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा मुलगा एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या विधीसाठी पेनसिल्व्हेनियात गेला. डोळे बांधून, पाठीवर वाळू भरलेली बॅग देऊन त्याला थंडीत मैदान ओलांडायला लावलं आणि वाटेत सगळ्यांनी धडका दिल्या. दवाखान्यात न्यायला उशीर केला आणि तो गेला. न्यायालयाने २०१८ मध्ये त्या संघटनेला पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांसाठी हद्दपार केलं.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, दोन वर्षांपर्यंत कैद. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. त्याने सगळं थांबलं नाही, पण 'परंपरा' हा शब्द उघडपणे उच्चारायची सोय गेली.

भटक्या

डॉक्टर, तुमचं लिहिणं मनाला लागलं. पहाटे तीनबद्दल मी आता तितक्या खात्रीने बोलणार नाही.

पण रोग आणि रोगी वेगळे करा. झीटा बीटा टाऊने १९८९ मध्येच प्लेजिंग बंद केलं. फाय डेल्टा थीटाची घरं २००० पासून दारूमुक्त आहेत, आणि त्यानंतर त्यांच्यावरचे विम्याचे दावे खूप कमी झाले. घर ठेवून हे करता येतं. विद्यापीठाने मान्यता काढली की मुलं तेच सगळं भाड्याच्या घरात करतात, आणि तिथे जाब विचारायला कुणी नसतं.

पायवाट

विल्यम्स आणि बोडन या कॉलेजांनी फ्रॅटर्निटी पूर्ण बंद केल्या, आणि त्यांचं काही अडलं नाही. मोठ्या विद्यापीठांत मात्र मान्यता काढून भागत नाही, हे मान्य.

सोरोरिटीबद्दल एक राहिलं. मुलींच्या मोठ्या राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरात दारूला बंदी असते. ऐकायला चांगलं. पण त्यामुळे पार्टी नेहमी मुलांच्या घरी, दार कुणासाठी उघडायचं ते मुलं ठरवणार, पेला मुलं भरणार. मुलींच्या सुरक्षिततेबद्दलचे अभ्यास वाचताना ही रचना डोळ्यांसमोर ठेवा.

अंगणवेल (न्यू जर्सी)

सगळ्यांचे आभार. तीन दिवस हा धागा मुलाला वाचून दाखवतेय. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, पण ऐकतो.

एक गोष्ट सापडली ती इथे नोंदवते, दुसऱ्या पालकांना उपयोगी पडेल. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत रॅगिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला. दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, काय घडलं, दारू होती का, शिक्षा काय, हे आता विद्यापीठाला संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. त्याच्या विद्यापीठाच्या यादीत कार्डावरची तीच तीन अक्षरं निघाली. गेल्या वर्षीची एक नोंद: नव्या सदस्यांना झोपू दिलं नाही, दारू होती, एक सत्र निलंबन.

तो काल त्या घरी गेला आणि अध्यक्ष असलेल्या मुलाला विचारलं. "ते जुनं झालं, ती मुलं गेली," असं उत्तर आलं. मग विचारलं, कुणी पिऊन बेशुद्ध पडलं तर ९११ ला फोन कोण करतो? त्यावर तो मुलगा म्हणाला, "आधी आम्हाला सांगायचं." मुलाने हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि बराच वेळ गप्प राहिला. कार्ड अजून टेबलावर आहे. त्याला माणसं हवी आहेत. थंडीत त्या खोलीत तो एकटा जेवतो, हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं.

कृष्णाकाठदादा, तुमच्या मुलीला वेळ असेल तर ती त्याच्याशी बोलेल का?

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

नक्की. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. आज संध्याकाळी सातनंतर करायला सांगा, तोवर तिचा क्लास असतो.