बी विंगची टाकी (सोसायटी ग्रुप)

सावंत बी-४०२: टाकीचं झाकण कधी बसणार? तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला फाल्सिपॅरम, तो गंभीर होणारा मलेरिया, निघालाय, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, आयसीयूत ठेवलंय.

सेक्रेटरी: सावंतसाहेब, काळजी आम्हालाही आहे. कोटेशन आलंय, मीटिंगमध्ये ठेवू.

कुलकर्णी काकू: अगं बाई! पण मलेरियात लघवीचं काय मध्येच?

डॉ. मुग्धा ए-१०३: काकू, फाल्सिपॅरमचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतात, किडनीला रक्त नीट पोचत नाही, शिवाय पेशी फुटून हिमोग्लोबिन लघवीतून जातं तेच काळपट दिसतं. वरून उलट्यांनी पोर सुकलेलं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, लहान मुलाचं ०.४ चं १ झालं तरी मोठ्यांच्या रेंजमध्ये ते नॉर्मलच वाटतं, तिथे फसायला होतं.

मोहिते: पपईच्या पानांचा रस द्या 🙏

डॉ. मुग्धा: काका ते डेंग्यूचं फॉरवर्ड, तेही नका देऊ.

सावंत: झाकण?

शेख भाभी: पोराच्या आईने मेडिकलमधून तापाचं आयबुप्रोफेनवालं सिरप आणलं होतं, दोन दिवस तेच चालू होतं.

डॉ. मुग्धा: पाणी कमी पडलेल्या मुलाला ते नकोच, किडनीवर येतं. पॅरासिटामॉल द्या आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

खजिनदार: आपल्या टाकीत पाणी स्वच्छ आहे हं, डास गटारातले.

डॉ. मुग्धा: मलेरियाच्या डासाला मुंबईत स्वच्छ साचलेलं पाणीच लागतं, गटारातला वेगळा. कुंडीखालच्या थाळ्या पण बघा सगळ्यांनी.

सावंत: म्हणजे टाकी. म्हणजे झाकण.

सेक्रेटरी: ज्यांचा मेंटेनन्स मार्चपासून बाकी आहे त्यांनी तरी... नाव घेत नाही.

सावंत: घ्या ना नाव! लीकेज काढा, लगेच भरतो.

पिंट्या सी-२०१: डासांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घ्या 😂

कुलकर्णी काकू: पिंट्या, पोरगं आयसीयूत आहे रे.

पिंट्या: सॉरी काकू

शेख भाभी: डायलिसिस लागेल का हो डॉक्टर?

डॉ. मुग्धा: काहींना लागतं थोडे दिवस, बरीच मुलं सावरतात. पण घरी आल्यावर विसरायचं नाही, लघवी, बीपी, क्रिएटिनिन परत बघायचं. युगांडात गंभीर मलेरियातून वाचलेल्या मुलांवर अभ्यास झालेत, किडनीला इजा झालेल्यांपैकी काहींना पुढे किडनीचा जुनाट आजार दिसला.

सावंत: झाकण???

सेक्रेटरी: रविवारी १० ते १ बी विंगचं पाणी बंद. टाकी साफ करून तात्पुरता पत्रा टाकतो.

मोहिते: रविवारी? आमच्याकडे सत्यनारायण आहे, आधी विचारायचंत तरी.