फक्त कच्चे अन्न खाऊन दीर्घकाळ निरोगी राहता येते का?

चर्चाप्रस्ताव

चूल पूर्णपणे बंद ठेवून केवळ फळे, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, भिजवलेला सुकामेवा आणि रस यांवर राहणारी माणसे आता आपल्या ओळखीपाळखीतही भेटू लागली आहेत. अन्न साधारण ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्यातील विकरे (एन्झाइम) नष्ट होतात, अन्न 'मृत' होते आणि पचनाचा सारा भार शरीरावर पडतो, हा या आहारपद्धतीचा पायाभूत दावा आहे. मला हा दावा टिकणारा वाटत नाही आणि त्यावर उभी केलेली जीवनपद्धती तर अनेकांना अपायकारक वाटते, म्हणून हा विषय चर्चेस ठेवत आहे. जेवणाचा काही भाग कच्चा असावा याबद्दल माझा वाद नाही. वाद 'फक्त कच्चेच' या आग्रहाशी आहे.

वनस्पतीतील विकरे ही त्या वनस्पतीच्या स्वतःच्या कामासाठी असतात. आपण ती खाल्ली की जठरातील तीव्र आम्लात इतर प्रथिनांप्रमाणे त्यांचेही बहुतांशी विघटन होते, आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे आपल्या लाळग्रंथी, जठर, स्वादुपिंड आणि लहान आतडे स्वतःच तयार करतात. उलट उष्णतेने पिष्टाचे कण फुगून फुटतात, प्रथिनांची रचना सैल होते, पेशीभित्तिका मऊ पडतात. म्हणजे पचनाचे काही काम चुलीवरच होऊन जाते. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका प्रयोगात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५१ टक्क्यांच्या आसपास.

दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहिलेल्या लोकांचा सर्वांत मोठा अभ्यास जर्मनीतील गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत २१६ पुरुष आणि २९७ स्त्रिया होत्या. पुरुषांचे वजन सरासरी १० किलोंनी, तर स्त्रियांचे १२ किलोंनी घटले होते. स्त्रियांपैकी एक चतुर्थांश जणींचे वजन आरोग्याच्या किमान मर्यादेखाली गेले होते, आणि ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. पाळी थांबणे म्हणजे शरीराने उपासमार ओळखून प्रजननाचे काम बंद केले, असा त्याचा अर्थ आहे. त्याला 'शुद्धीकरण' म्हणून गौरवणारे सल्लागार मी ऐकले आहेत, आणि हे मला अत्यंत चिंताजनक वाटते.

२००५ साली अशाच आहारावरील २०१ जणांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात अपायकारक कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी आढळले, ही जमेची बाजू. पण हितकारक कोलेस्टेरॉल (एचडीएल) हेही कमी होते, हृदयविकाराच्या धोक्याशी जोडले जाणारे होमोसिस्टीन हे द्रव्य वाढलेले होते आणि ३८ टक्के जणांत जीवनसत्त्व बी १२ ची कमतरता होती.

प्रतिसाद : निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते, सातारा

प्रस्तावकांनी आकडे मांडले हे चांगले केले, परंतु त्यांचा अर्थ एकतर्फी लावला आहे असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. गीसेनची १९९९ ची पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती. सहभागी लोकांनी स्वतः दिलेली उत्तरे हाच तिचा आधार. बी १२ चा मुद्दा तर कच्च्या-शिजवलेल्याचा नाहीच. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते, त्यामुळे रोज वरण-भात, भाजी-पोळी खाणाऱ्या कितीतरी शाकाहारी माणसांतही त्याची कमतरता आढळते. तो दोष एकट्या कच्च्या आहाराच्या माथी मारणे न्याय्य नाही.

आपल्याकडील आजार कोणते आहेत ते पाहावे. पोटाचा घेर, मधुमेह, रक्तदाब, यकृतात साठणारी चरबी. हे मैदा, साखर, तळण आणि अतिसेवन यांतून आलेले आहेत, गाजर-काकडीतून नाही. बटाटा, धान्ये असे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असण्याचा संशय असलेले द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. भाज्या उकळून पाणी ओतून दिले की क जीवनसत्त्व आणि फोलेट त्यांसोबत जातात. ब्रिटनमधील सुमारे चार लाख लोकांच्या माहितीवरील २०२२ च्या अभ्यासात कच्च्या भाज्या अधिक खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. शिजवलेल्या भाज्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही.

ही परंपराही कालची नाही. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०४ साली झुरिचमध्ये आरोग्यधाम काढून कच्ची फळे, किसलेले सफरचंद आणि भिजवलेले ओट यांवर रुग्णांची शुश्रूषा केली. गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. या साऱ्या अनुभवाला 'आग्रह' म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

बी १२ शाकाहारातही कमी पडते, हे आपले म्हणणे योग्य आहे. मात्र सामान्य शाकाहारी घरात दूध, दही, ताक असते आणि त्यातून थोडेबहुत बी १२ मिळते. कच्च्या आहाराचे कडक अनुयायी तापवलेले दूध वर्ज्य मानतात, म्हणजे तोही आधार जातो; आणि न तापवलेले दूध प्यायचे तर ब्रुसेलोसिससारख्या आजारांची भीती आहे.

ब्रिटनच्या अभ्यासाबाबत त्याच संशोधकांनी जे लिहिले तेही सांगायला हवे. शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान, व्यायाम यांचा हिशेब धरल्यावर कच्च्या भाज्यांचा दिसणारा लाभ फार मोठ्या प्रमाणात घटला, आणि उरलेलाही अशाच राहून गेलेल्या कारणांमुळे असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय ती माणसे कच्च्या भाज्या जेवणासोबत खात होती, जेवणाऐवजी नाही.

गांधीजींचा प्रयोग १९२९ चा. त्यांनी तो साबरमती आश्रमात सहकाऱ्यांसह केला, 'यंग इंडिया'त त्याबद्दल लिहिले, आणि आमांशाने आजारी पडल्यावर काही महिन्यांतच थांबवला. त्यांच्या सत्यनिष्ठेचा आदर म्हणून तरी प्रयोगाचा शेवटही सुरुवातीइतकाच सांगितला जावा.

प्रतिसाद : सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका, नागपूर

पोषणाची चर्चा वर झाली आहे, पण ज्या धोक्याने माणूस काही दिवसांत दगावू शकतो त्याचा उल्लेख अजून आला नाही. मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती अतिसाराची मोठी साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मृत्यू पावले आणि अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. आरंभी स्पेनच्या काकड्यांवर संशय घेण्यात आला. अखेरीस कारण सापडले ते मोड आलेली मेथी. इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराचा माग पोहोचला. ज्या देशात पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था उत्तम आहे, तेथे हे घडले.

मोड आणण्यासाठी जे लागते, म्हणजे ऊब, ओलावा आणि एक-दोन दिवसांचा अवधी, तेच जिवाणू वाढण्यासाठीही लागते. दाण्याच्या सालीच्या भेगेत शिरलेला जिवाणू मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने पूर्णपणे निघत नाही. म्हणून गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, असा सल्ला अनेक देशांत दिला जातो. मटकीची उसळ करणाऱ्या आपल्या घरांत हा धोका एका उकळीने संपतो.

दुसरा मुद्दा पट्टकृमीचा. मैल्याने दूषित झालेल्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबीर, पालक, मुळा, कोबी अशा भाज्यांतून या कृमीची अंडी पोटात जाऊ शकतात. त्यांतील अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि फेफरे येऊ लागते. भारतात अपस्माराच्या महत्त्वाच्या कारणांत याची गणना होते, आणि आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसालाही तो होतो, कारण अंडी मांसातून नव्हे तर दूषित भाजी, पाणी वा हातांतून येतात. कच्चे खायचे तर भाजी कोठे आणि कोणत्या पाण्यावर पिकली, हे विचारण्याची सोय शहरातल्या किती ग्राहकांना आहे?

दुधीच्या कच्च्या रसाबद्दलही सांगते. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यामुळे एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. भाजी कडू लागली तर आपण पहिल्याच घासाला थांबतो, पण लिंबू-पुदिना घातलेला रस माणूस औषध समजून एका दमात संपवतो. रस काढण्यापूर्वी फोड चाखावी, किंचितही कडू असेल तर दुधी फेकून द्यावा, आणि रस प्यायल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद : वाचक, रत्नागिरी

कोणते कच्चे खावे आणि कोणते नाही, याचा निर्णय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. चैत्रात आंबेडाळीसाठी हरभऱ्याची डाळ भिजवून कच्चीच वाटतात, पण ती वाटीभर, कैरी आणि खमंग फोडणी घालून, हळदीकुंकवापुरती. काकडी, मुळा, गाजर यांच्या कोशिंबिरी रोजच्या. अळू आणि सुरण मात्र चिंच किंवा कोकम घालून शिजवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, कारण घशाला खाज सुटते. हिरव्या पालेभाजीचा रस रोज पेलाभर पिण्याची पद्धत यात कोठेच नव्हती. सारे कच्चे किंवा सारे शिजवलेले, असा पेच मुळात उभा का करावा, हे मला समजलेले नाही.

प्रतिसाद : मधुमेही वाचक, ठाणे

मी गेले काही महिने दुपारपर्यंत फळे, सॅलड आणि भिजवलेले दाणेच घेतो आणि माझी साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे. येथील विरोधी प्रतिसाद वाचून हे सारे सोडून द्यावे असे मला वाटत नाही. गोळ्यांवर गोळ्या वाढवण्यापेक्षा ताटात बदल करणे मला अधिक योग्य वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर

आपला बदल सोडू नये, असेच मीही म्हणेन; ताटातून साखर, मैदा आणि तळण गेले याचा लाभ आपल्याला मिळतो आहे, आणि तो रात्रीच्या गरम भाकरी-भाजीने पुसला जात नाही. दोन गोष्टी मात्र डॉक्टरांशी बोलाव्यात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना खाणे एकदम हलके झाले तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, तेव्हा मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी १२ कमी होते, म्हणून ती तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पालकाचे रस आणि कमरख टाळावेत. पालकातील ऑक्झलेट मूत्रपिंडात साचते, आणि कमरखामुळे अशा रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये.

प्रतिसाद : निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते, सातारा

प्राध्यापिकाबाईंनी मोडांबद्दल दिलेला इशारा मी गांभीर्याने घेतो, आणि मोडांना वाफ देण्यास माझी हरकत नाही. तरीही माझी मूळ भूमिका कायम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, आणि त्यांतील जवळपास सर्व जणी शिजवलेलेच अन्न खातात. लोह शोषले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, ते लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोबी यांतून मिळते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवते. त्याच्या निम्मे तरी किती ताटांत पडते? दोन-तीन आठवड्यांचा कच्चा आहार जाणकाराच्या देखरेखीखाली घेतला तर जिभेचे वळण बदलते, असा माझा अनुभव आहे. कायमचा नसेल, पण या मुदतीपुरता तरी त्याला जागा असावी.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, नाशिक

निरोगी प्रौढ माणसाने दोन-तीन आठवडे काय खावे, यात मी पडणार नाही. लिहिण्याचे कारण असे, की हा आहार आता घरातील मुलांवर आणि गरोदर सुनांवर लादला जाताना मी पाहतो आहे, आणि तेथे मतभेदाला जागा नाही.

शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ किलोकॅलरी असतात, गाजरात सुमारे ४०, शिजवलेल्या भातात सुमारे १३०. लहान मुलाचे पोट आकाराने लहान असते. ते काकडी-गाजराने भरले की मूल जेवलेले दिसते, पण वाढीला लागणारी ऊर्जा त्याला मिळालेली नसते. बदाम-काजूंनी ही तूट भरता येईल असे म्हणतात, पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला अख्खे दाणे देणे हा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे त्यातील प्रथिनेही नीट पचत नाहीत. राजम्यातील लेक्टिन तर पुरेसे उकळल्याशिवाय थेट विषासारखे काम करते.

गरोदर आणि स्तनदा माता दूध-दहीही सोडते आणि बी १२ ची गोळीही घेत नाही, तेव्हा तिच्या दुधातही ते जीवनसत्त्व कमी पडते. असे बाळ पहिले काही महिने ठीक दिसते, आणि मग हसणे, मान धरणे, बसणे अशा आलेल्या गोष्टी हळूहळू विसरू लागते. काहींना कंप सुटतो. वेळेत ओळखले तर बी १२ ची इंजेक्शने देऊन बाळ सुधारते, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीतील काही हानी भरून येत नाही. ज्यांच्या घरी असे बाळ आहे त्यांनी या चर्चेचा निकाल लागण्याची वाट पाहू नये. बाळाचे वजन, उंची आणि डोक्याचा घेर या आठवड्यात मोजून घ्यावा, आई आणि बाळ दोघांचे बी १२ व हिमोग्लोबिन तपासावे, आणि सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आजपासून मऊ शिजवलेली खिचडी, वरण-भात, तूप, उकडलेला बटाटा आणि चालत असेल तर अंडे सुरू करावे.