एककांना माणसांची नावं कशाला हवीत?

काटकोन:
माझं म्हणणं सरळ आहे. एककाला शास्त्रज्ञाचं नाव दिलं की ते मुकं होतं. 'न्यूटन प्रति चौरस मीटर' म्हटलं की दाब म्हणजे क्षेत्रफळावर पसरलेलं बल, हे उच्चारातच कळतं. १९७१ साली त्याचं अधिकृत 'पास्कल' झालं आणि पाठांतराला एक शब्द वाढला. 'आवर्तनं प्रति सेकंद' हे शाळकरी पोरालाही समजायचं, 'हर्ट्झ' ऐकून काय समजतं? वेगाच्या नि त्वरणाच्या एककांना एसआय (आंतरराष्ट्रीय एकक) पद्धतीत आजतागायत कुणाचं नाव नाही, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. तरी या पद्धतीत माणसांच्या नावांची १९ एककं आहेत. गौरव करायचाय ना? पुतळे उभारा.

भिंगरी:
साफ असहमत. वेगाला नाव नाही, कारण तिथे गल्लत व्हायला जागाच नाही. जिथे ती जिवावर बेतू शकते तिथलं बोला. ग्रे आणि सीव्हर्ट, दोन्हींची फोड केली तर 'ज्यूल प्रति किलोग्रॅम'च निघते. पण ग्रे सांगतो की ऊतीने किरणोत्साराची किती ऊर्जा शोषली आणि सीव्हर्ट सांगतो की त्यातून अपायाचा धोका किती. अल्फा कणांच्या किरणोत्सारासाठी भारांक (धोक्याचा गुणक) २० धरतात, गॅमा किरणांसाठी १. म्हणजे शोषलेली मात्रा तीच, धोका वीसपट. दोन्ही आकडे एकाच नावाने कागदावर आले तर वाचणाऱ्याने काय समजायचं? ही गल्लत टाळायलाच १९७९ साली सीव्हर्ट स्वीकारलं. हर्ट्झ आणि बेकरेलचंही तेच: दोन्ही 'प्रति सेकंद', पण एक नियमित आवर्तनाचं, दुसरं अणूंच्या यदृच्छ विघटनाचं.

काटकोन:
वेगळं नाव हवं, मान्य. माणसाचंच का? ल्युमेन, लक्स, रेडियन, स्टेरेडियन, कॅटल... यातलं एकही कुणाच्या आडनावावरून आलेलं नाही. गल्लत टळली, सत्कारही टळला.

शेवंती:
सत्काराचा विषय निघालाच आहे तर त्या १९ नावांत एकही बाई नाही, हे कुणाला खटकत नाही का? किरणोत्सारितेचं एकक 'क्युरी' होतं. १९१० साली ठरलं, एका ग्रॅम रेडियमशी जोडलेलं. तेही पिएर क्युरी यांच्या स्मरणार्थ की मेरी-पिएर दोघांच्या नावाने, यावर वाद आहेच! १९७५ मध्ये बेकरेल आलं आणि क्युरी एसआयच्या बाहेरच राहिलं. (एक क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेकरेल. सोयीचं कोणतं ते तुम्हीच ठरवा.) मूलद्रव्यांच्या यादीत निदान क्युरियम आहे, लीझ माइट्नर यांच्या नावाचं माइट्नेरियम आहे.

जुनाखोड:
शेवंतीताईंना +१, आणि पुरुषांमध्ये तरी न्याय कुठे झालाय? ओहमने विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह यांच्या नात्याचा आपला नियम १८२७ मध्ये छापला. कॅव्हेंडिशला तो त्याच्या कितीतरी आधी उमगला होता, पण गड्याने छापलाच नाही. ते काम १८७९ मध्ये मॅक्सवेलने उजेडात आणलं. उष्णता आणि कार्य यांच्या नात्यावर मायर १८४२ मध्येच लिहून बसला होता, एकक मात्र ज्यूलच्या नावाचं. श्रेयाचा झगडा मिटायच्या आत नाव कोरून ठेवायचं हेच मला पटत नाही.
अवांतर: आपली इंजिनं खपवायला अश्वशक्तीचा हिशेब रूढ केला तो जेम्स वॅटनेच. आता त्याचंच नाव घोड्याला हुसकावतंय, आणि गाड्यांच्या जाहिरातींतला घोडा काही हटत नाही.

भिंगरी:
जुनाखोड, कॅव्हेंडिशने छापलं नाही हा ओहमचा दोष नव्हे. आणि काटकोन, तुमचं लाडकं कॅटल घ्या. एन्झाइमची सक्रियता मोजायला १९९९ मध्ये आलं. रक्ततपासणीच्या बहुतेक अहवालांत यकृताची एन्झाइम्स अजून 'युनिट प्रति लिटर'मध्येच दिसतात. माणसाचं नाव नसलेलं, नेटकं एकक, विचारतंय कोण?

काटकोन:
ती जुनी सवय हो, नावाचा काय संबंध! रक्तदाब आजही जवळपास सगळीकडे पाऱ्याच्या मिलीमीटरमध्येच सांगतात. तिथे पास्कलसाहेबांचं नाव कुठे कामी आलं?