मदत हवी आहे: रसायनांची लांबलचक इंग्रजी नावं तोडायची कुठे?

शेंगाचटणी: सोलापुरातली बारावी सायन्सची मुलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. समीकरणं चोख, पण तोंडी परीक्षेत फिनॉल्फ्थॅलीन आलं की अडखळतात. डायमिथाइलचं 'डाइम-इथाइल' होतं. डिक्शनरीतले सिलेबल पाठ करून घेऊ का?

बाळीवेस: डिक्शनरी नंतर. आधी पेन्सिलीने अर्थाच्या सांध्यावर रेघ मारायला लावा: डाय । नायट्रो । फिनाइल । हायड्रझीन. सिलेबल पाडायचे ते प्रत्येक तुकड्याच्या आत: डाय-नाय-ट्रो-फी-नाइल-हाय-ड्र-झीन, एकूण आठ. या नावाच्या सुरुवातीला 2,4 असतं, ते 'टू फोर' म्हणायचं, मग किंचित थांबायचं. 'डाइम-इथाइल' होतं ते सांधा न दिसल्यामुळेच. उलट ईडीटीएच्या पूर्ण नावात (इथिलीन-डायअमीन-टेट्रा-असीटिक अ‍ॅसिड) टेट्रा आणि असीटिक यांचे दोन 'ए' शेजारी येतात. त्यांचा संधी करून 'टेट्रासीटिक' म्हणायचं नाही.

सराव मात्र शेवटून: झीन, ड्रझीन, हायड्रझीन, फिनाइलहायड्रझीन... पुढून सुरू केलं की शेवटाला दम संपतो आणि शेपूट गिळलं जातं.

शेंगाचटणी: आणि जोर? सगळी अक्षरं सारखीच ठोकतात.

बाळीवेस: मराठी वळण, दुसरं काय. शेवटी 'इक' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलेबलवर: अ-सी-टिक, सल्-फ्यू-रिक, सॅ-लि-सि-लिक. आर्सेनिक हे मूलद्रव्य तेवढं हट्टी, तिथे जोर पहिल्यावर.

होटगीरोड: शेपटाचं महत्त्व डाईंगवाल्यांना विचारा. सल्फाइड सल्फर रंगांना, हायड्रोसल्फाइट व्हॅट रंगांना (दोन्हीकडे काम क्षपणाचं, म्हणजे रिडक्शनचं), आणि सल्फेट म्हणजे ग्लॉबर सॉल्ट, रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर चढवायला. आइड, आइट, एट तोंडातल्या तोंडात राहिलं तर भलतंच पिंप उघडलं जाईल. हायड्रोसल्फाइटला तिथे नुसतं 'हायड्रो' म्हणतात ते बरंच आहे.

फिनॉल्फ्थॅलीन चारच सिलेबलचं: फी-नॉल-थॅ-लीन. मधला दुसरा 'फ' बरेच इंग्रज स्वतःच सोडतात, मुलांनी त्यावर जीभ मोडू नये. टर्कॉइज ब्लू रंगातलं थॅलोसायनीन तसंच: थॅ-लो-साय-अ-नीन. नॅफ्थलीनमध्ये मात्र 'फ' हवाच, 'नॅप्थलीन' नको.

शेंगाचटणी: मीथाइल की मेथिल?

बाळीवेस: पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. कुठलंही चालेल, फक्त एकाच उत्तरात मीथाइल आणि एथिल अशी सरमिसळ नको.