रुग्णनोंदवहीत मुलाचं नाव घालावं का?

सांजवात:
माझ्या भाच्याला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया आहे, म्हणजे अस्थिमज्जा हळूहळू रक्तपेशी बनवेनाशी होते असा दुर्मिळ जनुकीय आजार. डॉक्टरांनी रजिस्ट्रीचा, म्हणजे अशा रुग्णांच्या नोंदवहीचा, फॉर्म पुढे केला आणि घरात दोन तट पडले. माझं मत: नाव घालायचंच.

हा आजार साधारण लाखभर जन्मांमागे एखाद्या मुलाला होतो. १९२७ साली स्विस बालरोगतज्ज्ञ गुइडो फॅन्कोनींनी त्याचं वर्णन केलं ते तीन भावांवरून. पुढे बराच काळ वाकडा किंवा नसलेला अंगठा, खुंटलेली उंची, अंगावरचे कॉफीच्या रंगाचे डाग हीच त्याची खूण मानली गेली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली, गुणसूत्रं तुटतात का ते पाहणारी डीईबी चाचणी रुळली, आणि दिसून आलं की बाहेरून धडधाकट मुलांनाही हा आजार असतो. भाच्याचे दोन्ही अंगठे सरळ आहेत. नुसत्या प्लेटलेट्स कमी होत्या. तरी ही चाचणी करायचं डॉक्टरांना सुचलं ते त्या नोंदींच्या पुण्याईने. निदान चुकलं असतं तर मज्जारोपणाआधीची औषधं नेहमीच्या मात्रेत दिली गेली असती, आणि ती या मुलांना झेपत नाहीत.

अबोली:
असहमत. माझ्या मुलीला डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया आहे (लाल रक्तपेशी पुरेशा न बनण्याचा जन्मजात आजार) आणि मी सही केलेली नाही.

‘नाव काढून टाकतो’ म्हणतात. पण हा आजार, जन्माचं साल, जिल्हा, एवढं जुळणाऱ्या मुली किती असणार? नाव खोडलं तरी ती तीच राहते. शिवाय तिच्या जनुकातला दोष लिहिला की धाकट्या भावाबद्दलही अर्धं लिहून झालं. त्याला कुणी विचारलं? सही माझी, शरीर त्यांचं.

सांजवात:
अबोलीताई, डायमंड-ब्लॅकफॅनमध्ये मोठेपणी आतड्याच्या आणि हाडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे उत्तर अमेरिकेतल्या रजिस्ट्रीमुळेच कळलं ना? अठरा वर्षांची झाली की तिला पुन्हा विचारतील, तेव्हा ती नाही म्हणू शकेल.

अबोली:
ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या लेकरांच्या माहितीवर माझ्या लेकीला सावध राहता येतं, हे मला रात्री टोचतं. पण ‘नाही म्हणू शकेल’ हे अर्धंच खरं आहे. आमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, की आधीच्या अभ्यासात गेलेली माहिती परत काढता येणार नाही. हे पहिल्या पानावर का नाही?

रकाना:
मी अशाच एका रजिस्ट्रीत सात वर्षं नोंदी भरते आहे. अबोलीताईंचा शेवटचा मुद्दा रास्त आहे. माझा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. ‘शेवटची भेट’ हा रकाना. पहिल्या वर्षी तारीख, दुसऱ्या वर्षी तारीख, मग कोरा. मूल बरं आहे, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की गेलंच, काही कळत नाही. त्यात गंभीर मुलं मोठ्या रुग्णालयात येतात म्हणून नोंदली जातात, सौम्य आजाराची राहून जातात. मग धोक्याची टक्केवारी आहे त्यापेक्षा भयंकर दिसते आणि आईबाप ती वाचून खचतात.

सांजवात, नाव घाला, पण दरवर्षी फोन उचला. जन्मजात तीव्र न्यूट्रोपेनियाची (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी असण्याच्या आजाराची) रजिस्ट्री १९९४ पासून आहे. या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ औषधाचा मोठा डोस देऊनही त्या पुरेशा वाढत नाहीत त्या मुलांना ल्युकेमियाचा धोका जास्त, हे वर्षानुवर्षं मागोवा ठेवला म्हणून समजलं. नुसती नोंदणी करून हे हाती लागलं नसतं.

सांजवात:
फोन उचलेन, शब्द देते. माहिती मागे घेण्याची अट पहिल्या पानावर हवी, हेही मान्य. तरी सही लांबवायला मी तयार नाही. भाचा सहा वर्षांचा आहे, त्याच्या अठरापर्यंतची बारा वर्षं कोरी राहतील.

अबोली:
माझी चौदाची आहे. तिच्याशी मी या विषयावर अजून बोललेच नाही, हे इथे लिहिताना लक्षात आलं. आज हे सगळं तिला वाचायला देते. ती नको म्हणाली तर माझ्याकडूनही नकोच.