बेचिराख : या शब्दात राख नाही, दिवा आहे

'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले' हे वाक्य बरोबर असेल, तर ज्या गावाला कधी आग लागल्याचे कोणाच्याच ऐकिवात नाही अशा गावालाही महसुली दप्तरात 'बेचिराख' का म्हटले जाते, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. दप्तरातला अर्थ जुना आहे आणि माझ्या मते तोच जपण्यासारखा आहे.

हा शब्द फारसी आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. 'दिमाग'चा मराठीत 'दिमाख' झाला, तसाच 'चिराग'चा 'चिराख' झाला आणि त्यात आपल्याला 'राख' ऐकू येऊ लागली. पुढे 'जळून बेचिराख' ही जोडी रूढ झाली ती बहुधा या ऐकण्यातूनच. मूळ शब्द मात्र आगीविषयी काहीच सांगत नाही. तिन्हीसांजेला जिथे एकाही घरात दिवा लागत नाही ते गाव बेचिराख, एवढेच तो सांगतो.

असे गाव माणसांवाचूनही कागदावर टिकते, कारण महसुली गाव जमिनीला बांधलेले असते. त्याचे नाव राहते, शीव राहते, सातबारा राहतो आणि शेजारच्या गावचे लोक तिथली काळी, म्हणजे शेतजमीन, कसत राहतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३ हजार ६०० गावांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे अशी निर्जन नोंदली गेली आहेत. देशावर शेतात एकटेच मारुतीचे देऊळ दिसले आणि भोवती भुरकट उंचवटा असला, की ती मोडलेल्या गावाची पांढर, म्हणजे वस्तीची जागा, समजावी. तिथे नांगराच्या फाळाला खापरे लागतात, जात्याची तळी निघते. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींनी व गोठ्यांनी कसदार झालेली ती माती शेतकरी गाड्या भरून आपल्या रानात नेऊन टाकतात.

माणसे का गेली, याची उत्तरे या शब्दाच्या शेजारच्या शब्दांत सापडतात. दुष्काळ पडला, फौजा गेल्या, साथ आली किंवा शेतसारा झेपेनासा झाला की 'रयत परागंदा झाली' असे लिहिले जाई. परागंदा म्हणजे विखुरलेली. एका दिशेने निघालेली नव्हे, तर ज्याला जिकडे पोट भरेल तिकडे पांगलेली. १६३०–३२ च्या दुष्काळाने दख्खनची जी दैना केली तिच्यासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही. गेलेल्या घराण्याची जमीन 'गतकुळी' म्हणून वेगळी ओळखली जाई. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्कदार, बऱ्याच वर्षांनी परतला तरी मिराशीवरचा त्याचा हक्क सहसा मानला जाई, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा मात्र 'उपरी' ठरे. ओस गावात माणसे आणायची तर कौल द्यावा लागे, म्हणजे अभय आणि सवलत. साऱ्याचा दर पहिल्या वर्षी हलका ठेवून तो वर्षागणिक चढवीत नेण्याच्या कराराला 'इस्तावा' म्हणत. लोक का जातात आणि कशाने परततात, हे जाणणाऱ्या राज्यकारभाराचेच हे शब्द आहेत. आजचा 'स्थलांतर' हा शब्द सोयीचा आहे, परंतु मागे काय उरले याविषयी तो अवाक्षर काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत मुक्कामाला होतो. संध्याकाळी एक वृद्ध काकी किल्ल्यांचा जुडगा, तेलाची बाटली आणि काडेपेटी घेऊन निघाल्या आणि एकामागून एक चार बंद घरे उघडून त्यांनी देवापुढे दिवा लावला. त्या घरांतील मंडळी मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि तेलाचे पैसे पाठवतात. "घर काळोखात ठेवू नये," एवढेच काकी म्हणाल्या. वाडीतल्या सतरा घरांपैकी राहती घरे पाच होती. त्या संध्याकाळी दिवे नऊ घरांत लागले होते.